यंत्र दूर, जबाबदारी जवळ

हौशी बिनतारी केंद्र म्हटले, की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. घरातली एखादी अडगळीची खोली, टेबलावर मंद दिव्यांचे यंत्र, खिडकीतून बाहेर पडून गच्चीवरच्या एरियलपर्यंत गेलेली तार आणि मध्यरात्र उलटली तरी कानाला हेडफोन लावून मोर्सच्या किल्लीवर हात ठेवून बसलेला एक माणूस. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरचा, कधीही न पाहिलेला असाच दुसरा एक हौशी त्याच्या हाकेला ओ देतो आणि त्या क्षणिक भेटीची नोंद वहीत होते. गेल्या शतकात यंत्रातले व्हाल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, ट्रान्झिस्टर जाऊन संगणकाच्या चकत्या आल्या. पण माणूस आणि त्याचे यंत्र एका छपराखाली असतात, हे गृहीत मात्र अढळ राहिले होते.

आता तेही ढळले आहे. यंत्र व एरियल एखाद्या खेड्यात, डोंगरावर किंवा दुसऱ्याच प्रांतात ठेवायचे आणि आपण शहरातल्या घरी संगणकासमोर बसून इंटरनेटच्या वाटेने ते चालवायचे, ही सोय जगातील हजारो हौशी रेडिओचालकांच्या अंगवळणी पडत चालली आहे. माणसाचा आवाज तारेतून त्या दूरच्या खोलीत जातो आणि तिथल्या यंत्रातून आकाशात फेकला जातो. उत्तर त्याच वाटेने परत येते. खोलीत मात्र कोणीच नसते.

छंदातली एक नवी गंमत म्हणून या बदलाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. हौशी रेडिओ हे असे एकच क्षेत्र आहे, की जेथे सामान्य नागरिकाला, कोणत्याही व्यापारी हेतूशिवाय, स्वतः जुळवलेल्या यंत्राने देशाच्या सीमा ओलांडून बोलण्याची मुभा शासन देते. ही मुभा दोन प्रश्नांच्या उत्तरांवर उभी आहे. बोलणारा कोण, आणि तो कोठे आहे? दूरनियंत्रणाने यांपैकी दुसऱ्या प्रश्नाची एकाऐवजी दोन उत्तरे निर्माण केली आहेत. तेव्हा कायद्याने कोणत्या उत्तराला धरायचे, याचा विचार वेळीच व्हायला हवा.

शहरांनी हिरावलेले आकाश

ही सोय केवळ आळसातून जन्माला आलेली नाही. लघुलहरींवर दूरवर बोलायचे तर एरियलला जागा लागते. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी अर्धलहरीची साधी तार लावायची म्हटली तरी ती सुमारे २० मीटर लांब हवी, आणि ३.५ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ४० मीटर. शिवाय ती जमिनीपासून चांगली उंच टांगलेली हवी. मुंबई-पुण्यातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्याने ही तार कोठे बांधायची? गच्ची सोसायटीची, सोसायटीचे सभासद धास्तावलेले, आणि दोन इमारतींमधली मोकळी हवा बिल्डरांनी केव्हाच संपवलेली. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एरियलचा विषय निघाला, की वीज पडण्यापासून दूरदर्शनच्या चित्रात मुंग्या येण्यापर्यंत सर्व भीतींची उजळणी होते आणि ठराव बारगळतो.

जागा मिळाली तरी शांतता मिळत नाही. विजेचे बचत-दिवे, मोबाइलचे चार्जर, संगणकांचे वीजपुरवठे, उद्वाहनांची नियंत्रणे, छपरावरच्या सौर पट्ट्यांचे इन्व्हर्टर ही सगळी उपकरणे आपापली बारीक खरखर हवेत सोडत असतात. एकेकट्याचा त्रास नगण्य. पण शेकडो बिऱ्हाडांचा एकत्र झाला, की दूर देशाहून येणारा क्षीण आवाज त्याखाली पार बुडून जातो. शहरातल्या हौशी चालकाची खरी तक्रार, आपले बोलणे जगाला ऐकू जात नाही, ही नसते. जग आपल्याला ऐकू येत नाही, ही असते.

अशा माणसाचे कोकणात किंवा देशावर वडिलोपार्जित घर असेल, दोन माडांच्या मध्ये तार ताणायला जागा असेल आणि गावापर्यंत आता प्रकाशतंतूची तार पोचली असेल, तर आपले केंद्र तेथे हलवावे आणि शहरात राहून ते चालवावे असे त्याला वाटले तर त्यात नवल कसले? वयोमानाने जिना चढणे सुटलेला, अंथरुणाला खिळलेला किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलेला हौशी चालक तर या सोयीवाचून आपल्या आयुष्यभराच्या छंदाला कायमचा मुकतो. छंद जगवण्याची ही वाट बंद करावी, असे कोणीही सहृदय माणूस म्हणणार नाही. प्रश्न ती वाट कशी बांधायची, एवढाच आहे.

नवे वाटणारे जुने तत्त्व

दूरवरून यंत्र चालवण्याची कल्पना रेडिओइतकीच जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक छोटी नाव तारेवाचून, लहरींच्या आज्ञेने चालवून दाखवली होती. प्रेक्षकांना त्यात जादू दिसली. टेस्लाने दाखवलेले तत्त्व मात्र साधे होते. आज्ञा देणारा एकीकडे आणि आज्ञा पाळणारे यंत्र दुसरीकडे असू शकते, हेच ते तत्त्व.

हौशी रेडिओच्या जगानेही हे तत्त्व केव्हाच स्वीकारलेले आहे; फक्त ते आकाशात स्वीकारले आहे. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या अग्निबाणाने ‘हॅमसॅट’ हा छोटा उपग्रह कक्षेत सोडला. हौशी चालकांचे संदेश उचलून पुन्हा पृथ्वीवर पाठवणारी दोन यंत्रे त्यात होती. एक भारतात घडवलेले आणि दुसरे एका डच हौशी चालकाने बांधलेले. ती चालू करायची की बंद, हे जमिनीवरून दिलेल्या आज्ञेने ठरत असे. २०१४ च्या जुलैपर्यंत या उपग्रहाने सेवा दिली. त्याचा वारसा महाराष्ट्रानेही चालवला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा किलोभर वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी कक्षेत गेला, आणि हौशी रेडिओच्या लहरींवरून निरोपांची ने-आण करणे हेच त्याचे उद्दिष्ट होते. शेकडो किलोमीटर उंचीवरच्या या केंद्रांत कोणी माणूस बसलेला नव्हता. तरीही ती बेवारशी नव्हती, कारण त्यांना आज्ञा देणारा हात कोणाचा, हे नक्की होते.

येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमांतील एका कलमाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हौशी उपग्रहाला परवानगी देणाऱ्या प्रत्येक शासनाने, उपग्रह उडण्यापूर्वीच, जमिनीवर पुरेशी आज्ञाकेंद्रे उभारलेली आहेत याची खात्री करावी, म्हणजे उपग्रहामुळे इतरांच्या संदेशांत अपायकारक व्यत्यय येऊ लागल्यास तो तत्काळ थांबवता येईल, असे हे कलम सांगते. उपग्रहावरून किती दूर बोलता येईल, याची चिंता नियमकर्त्यांनी केली नाही. त्याला गप्प कसे करता येईल, याची केली. पृथ्वीवरील दूरस्थ केंद्रांच्या बाबतीतही साऱ्या वादाचे मर्म हेच आहे.

बोलण्यापेक्षा गप्प करणे महत्त्वाचे

दूरस्थ केंद्राची रचना वरवर पाहता सोपी भासते. यंत्राला जोडलेला एक संगणक, आवाज नेणारी एक वाट, आणि लहरीची लांबी, शक्ती, एरियलची दिशा यांविषयीच्या आज्ञा नेणारी दुसरी वाट. जाळ्यातून जाताना आवाजाला क्षणाचा काही भाग उशीर होतो, तेवढा अंगवळणी पडतो. मोर्सच्या बाबतीत मात्र हा उशीर एकसारखा नसल्यामुळे कट्ट-कडकट्टचा ताल बिघडतो. म्हणून किल्लीच्या ठोक्यांचे कालमापन आधी आकड्यांत पाठवून खरा ठोका पलीकडच्या टोकाला पुन्हा घडवावा लागतो. या साऱ्या अडचणी कुशल माणसाने सोडवल्या आहेत.

खरी अडचण वाट तुटल्यावर सुरू होते. चालकाने बोलण्यासाठी यंत्र प्रक्षेपणावर टाकले आणि नेमकी त्याच क्षणी इंटरनेटची तार तुटली, तर? ‘थांब’ ही आज्ञा पोचणार नाही. शेकडो किलोमीटरवरच्या बंद खोलीतले यंत्र निमूटपणे लहरी ओकत राहील. इतरांचे संदेश अडतील, यंत्र तापेल, आणि चालक मात्र संगणकाच्या निर्जीव पडद्याकडे हताशपणे पाहत बसेल. घोड्यावर बसणे सोपे असते. लगाम तुटल्यावर काय करायचे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच घोडेस्वार म्हणतात.

अमेरिकेच्या नियमांनी या प्रश्नाला सरळ उत्तर दिले आहे. नियंत्रणाच्या वाटेत बिघाड झाल्यास तीन मिनिटांहून अधिक काळ प्रक्षेपण चालू राहणार नाही, अशी योजना दूरस्थ केंद्रात असलीच पाहिजे. केंद्रावर परवान्याची प्रत लावलेली हवी. तेथे परवानाधारकाचे आणि नेमलेल्या एका तरी नियंत्रकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लिहिलेला हवा. अनधिकृत माणसाच्या हाती केंद्र जाणार नाही, असा बंदोबस्त हवा. ब्रिटनमध्येही ऑफकॉम या नियामक संस्थेने २०२४ साली हौशी परवान्याच्या अटी नव्याने लिहून दूरनियंत्रणाची मुभा अधिक मोकळी केली. या देशांनी प्रश्न टाळला नाही आणि बंदीही घातली नाही. जबाबदारी कोणाची, हे लिहून ठेवले आणि मग दार उघडले.

हौशी चालकांच्या संघटनांनीही आपल्या परीने शिस्त घालून घेतली आहे. जास्तीत जास्त देशांशी संपर्क साधणाऱ्यांना अमेरिकन संघटना जो नामांकित सन्मान देते, त्याच्या नियमांनुसार एका संपर्कासाठी वापरलेले प्रक्षेपक व ग्राहक ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात असावे लागतात. म्हणजे ऐकायचे एका खंडातून आणि बोलायचे दुसऱ्या खंडातून, ही लबाडी चालत नाही. चालक कोठे बसला आहे याला महत्त्व नाही. लहरी कोठून निघाल्या याला आहे. याच न्यायाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रशांत महासागरातील जार्विस या निर्मनुष्य बेटावर पेट्यांत बसवलेली यंत्रे ठेवून ती दूरवरून चालवण्यात आली. पक्ष्यांसाठी राखलेल्या त्या बेटावर माणसांची वर्दळ कमी राहिली आणि जगभरच्या चालकांना एका दुर्मीळ ठिकाणाशी बोलता आले. साधन एकच, ते कशासाठी वापरले, यावर त्याची योग्यता ठरते.

सरकारची शंका अनाठायी नाही

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नागरिकाच्या हातातल्या प्रक्षेपकाकडे संशयाने पाहण्याची सवय येथील राज्यव्यवस्थेला जुनी आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी चालकांचे परवाने रद्द केले. तरीही १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. हौशी रेडिओचे ज्ञान असलेल्या तंत्रज्ञाने जुळवलेले ते यंत्र पोलिसांना चुकवत या घरातून त्या घरात हलवले जात होते, आणि नोव्हेंबरमध्ये छापा पडेपर्यंत ते बोलत राहिले. परकीय सत्तेला त्या यंत्राची भीती वाटली ती त्याचा पत्ता सापडत नव्हता म्हणून. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या मुळाशी हीच पत्त्याची चिंता होती.

स्वातंत्र्यानंतर राज्य आपले झाले, पण चिंता सरली नाही; आणि ती पूर्णपणे चुकीची होती असेही म्हणता येणार नाही. ज्या देशाला लांबच लांब अशांत सीमा आहेत आणि ज्याच्या किनाऱ्यावरून येऊन अतिरेक्यांनी २००८ साली मुंबईत रक्ताचा सडा घातला, त्या देशाच्या शासनाने प्रक्षेपक कोणाच्या हाती आहे, असे विचारले तर त्यावर रागावण्याचे कारण नाही. दूरनियंत्रणाने या विचारणेला धार आणली आहे. परदेशात बसलेला माणूस इंटरनेटवरून भारताच्या भूमीवरचा प्रक्षेपक चालवू लागला, तर त्याची परीक्षा कोणी घेतली? त्याच्या पात्रतेची खात्री कोण देणार? कोणी भुरट्याने परवलीचा शब्द चोरून केंद्र ताब्यात घेतले, तर त्याच्या बोलण्याला जबाबदार कोण?

१९७८ साली तयार झालेले भारतीय हौशी सेवेचे नियम पुढे दुरुस्त होत गेले. पण ज्या काळी ते रचले गेले, त्या काळी परवानाधारक आणि यंत्र एकाच खोलीत असणार हे कोणी लिहून ठेवण्याचीही गरज नव्हती. परवाना त्यामुळे माणसाइतकाच पत्त्याशी बांधला गेला. नियमांची भाषा आणि तंत्राची चाल यांत असे अंतर पडले, की त्याचा त्रास नेहमी प्रामाणिक माणसालाच होतो. लबाड माणूस नियम वाचत नाही. प्रामाणिक माणूस वाचतो आणि अर्थ न लागल्यामुळे गप्प बसतो. परिणामी शासनाला ज्यांची माहिती असायला हवी, तेच लोक अंधारात राहतात.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. हौशी रेडिओवर सांकेतिक किंवा गुप्त भाषेत बोलायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. हवेतले बोलणे सर्वांना उघड असले पाहिजे. पण त्याचा अर्थ नियंत्रणाची वाटही उघडी टाकावी, असा नव्हे. चावडीवरचे भाषण सर्वांनी ऐकावे. म्हणून चावडीची किल्ली कोणी रस्त्यावर टाकत नाही. आज्ञा नेणारी तारेची वाट कुलूपबंद आणि लहरींवरचा संवाद मोकळा, हा भेद नियमांत स्वच्छ शब्दांत मांडला गेला, तर अर्ध्या शंका तेथेच मिटतील. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेल्या ग्राहकावर जगातला कोणीही माणूस इंटरनेटवरून लघुलहरी ऐकू शकतो. ऐकण्याला इतकी मोकळीक देता येते, कारण ऐकणारा दुसऱ्याची वाट अडवत नाही. बोलणारा अडवू शकतो, म्हणून त्याची ओळख पटलेली हवी.

आपत्तीच्या वेळी काय?

दूरनियंत्रणावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र सरकारी फायलींतून येत नाही. तो खुद्द हौशी रेडिओच्या इतिहासातून येतो. या छंदाला समाजात जी प्रतिष्ठा आहे, ती संकटकाळातील सेवेमुळे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला केंद्र लावून जगाशी गप्पा मारायला गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, बेटांचे दूरध्वनी बंद पडले, आणि हौसेसाठी नेलेली तीच यंत्रे आप्तांची खबर मुख्य भूमीपर्यंत पोचवू लागली. त्या वेळी चालक आणि यंत्र एका ठिकाणी होते, आणि दोघेही संकटाच्या मध्यभागी होते. म्हणूनच ते उपयोगी पडले.

महाराष्ट्राला हा धडा वेगळा शिकवण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा लाखो मुंबईकर हातात मुका मोबाइल घेऊन गुडघाभर पाण्यातून घरी चालत गेले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत विजेचे खांब आडवे झाले आणि दूरध्वनीही मुके झाले. अशा घटकेला कोकणातल्या गावी ठेवलेले, पण मुंबईतून चालणारे केंद्र काय कामाचे? इंटरनेटची तार तुटली, की ते यंत्र म्हणजे कुलूपबंद खोलीतला एक लोखंडी डबा. सर्व तारा तुटल्यावरही बोलू शकणे हे ज्या सेवेचे वैशिष्ट्य, तीच सेवा एका तारेला टांगून ठेवणे, हा उघड अंतर्विरोध आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे खरे. पण खणलेल्या विहिरीचा पोहरा शंभर कोसांवर ठेवणे, हेही शहाणपणाचे नाही.

हा आक्षेप खरा आहे. पण तो दूरनियंत्रण नाकारत नाही. त्याने कोणत्या अटी पाळाव्यात, हे सांगतो. गावातल्या दूरस्थ केंद्राजवळ एक तरी परवानाधारक स्थानिक माणूस असावा. तो शाळेतला विज्ञानशिक्षक असेल, ग्रामपंचायतीतला तरुण कर्मचारी असेल किंवा बारावीत शिकणारी एखादी मुलगी असेल. यंत्र बॅटरीवर व सौरशक्तीवर चालू शकावे, आणि वाट तुटताच त्या माणसाला खोली उघडून ते स्वतःच्या हाताने चालवता यावे. अशी व्यवस्था झाली, तर शहरातल्या एकाच्या हौसेतून किनारपट्टीवरच्या एका गावाला संकटकाळचा आवाज मिळेल. एरवी जे यंत्र दहा वर्षांत त्या गावात कधीच आले नसते, ते हौसेच्या पाठीवर बसून येईल. हौशी चालकाची सोय आणि समाजाची गरज यांचा मेळ अशा ठिकाणीच बसतो. तो बसवण्याची दृष्टी मात्र नियम करणाऱ्यांना हवी.

नियम कसा असावा

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या कायद्यांची जागा टप्प्याटप्प्याने घ्यायला सुरुवात केली आहे, आणि २०२४ च्या जूनपासून त्यातील काही कलमे अमलात आली आहेत. जुन्या घराची डागडुजी चाललेलीच आहे, तर ही एक खिडकीही नीट बसवून घ्यावी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेने आणि भारतीय हौशी रेडिओ संघटनेने एकत्र बसून काही मोजक्या गोष्टी नि:संदिग्ध शब्दांत मांडणे कठीण नाही.

परवान्यावर यंत्राचा पत्ता आणि नियंत्रणाचा पत्ता, दोन्ही नोंदवावेत. चालवणारा माणूस भारतीय नियमांनुसार परवानाधारक असावा. परदेशस्थ चालकाला केवळ इंटरनेट हाती आहे म्हणून भारतीय भूमीवरचा प्रक्षेपक मिळू नये. परवानगी मागून, ओळख पटवून मिळायला मात्र हरकत नसावी. वाट तुटल्यास काही मिनिटांत यंत्र आपोआप गप्प झाले पाहिजे, आणि ते बंद करण्याची दुसरी, स्वतंत्र वाट हवी. उदाहरणार्थ, मोबाइलवरून वीजपुरवठा तोडणारा रिले. मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की एरियल दूरवरून वेगळे करता आले पाहिजे; नाहीतर गावातले ते घर धोक्यात येते आणि शेजाऱ्यांचा विश्वासही गमावला जातो. नोंदवहीत प्रत्येक संपर्कापुढे चालक कोठून बोलला, हे लिहिलेले असावे. आणि केंद्र भाड्याने देण्याचा धंदा होऊ नये, याकडे लक्ष असावे. नाहीतर जिज्ञासेने जोपासलेल्या या छंदाचे रूपांतर पैसे टाकून जग ऐकण्याच्या यंत्रात होईल, आणि हाताला सोल्डरचा चटका न बसलेली पिढी त्याला हौशी रेडिओ म्हणेल.

यांतली एकही अट अशक्य नाही आणि बहुतेक अटी जाणते चालक आपणहून पाळतही असतील. त्या कागदावर आल्या, तर अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याला निर्णय द्यायला आधार मिळेल, आणि अर्ज करणाऱ्याला आपण गुन्हा तर करत नाही ना, ही धास्ती राहणार नाही. शासनाने सर्वकाही नाकारून मोकळे होणे सोपे असते. पण नकाराने तंत्र थांबत नाही. फक्त ते नजरेआड जाते, आणि नजरेआड गेलेल्या प्रक्षेपकाची काळजी तर याच शासनाला सर्वाधिक असते.

दूरच्या खोलीत एकटे उभे असलेले ते यंत्र कोणाचे, याचे उत्तर पूर्वी दारावरचा पत्ता देत असे. आता ते उत्तर माणसाला द्यावे लागेल. पुढच्या वादळापूर्वी किनाऱ्यावरच्या दहा-वीस गावांत अशी केंद्रे आणि ती हाताने चालवू शकणारी दहा-वीस माणसे तयार झाली, तर या नियमांसाठी खर्ची पडलेला कागद सार्थकी लागला असे म्हणता येईल. वादळ येऊन गेल्यावर समिती नेमण्यापेक्षा ते खचितच स्वस्त पडेल.